विचारून केलेला कारभार

गल्लीतलं गटार नेमकं कुठे तुंबतं, हे त्या गल्लीत राहणाऱ्याला ठाऊक असतं. ते उपसायला माणसं कधी पाठवायची आणि त्यासाठी पैसे कोणत्या खात्यातून काढायचे, हे नगरपालिकेच्या कचेरीला ठाऊक असतं. या दोन ठिकाणच्या माहितीची एकमेकींशी गाठ पडली पाहिजे, इतकी ही साधी गोष्ट आहे. पण ही गाठ घालून देण्याची खटपट आपल्याकडे दीडशेहून अधिक वर्षं चालू आहे आणि ती अजून पुरी झालेली नाही.

आपण नगरसेवक निवडून देतो ते काही वर्षांतून एकदा. एरवी रहिवाशांचं म्हणणं नगरपालिकेच्या कानी जावं म्हणून ज्या समित्या असतात, त्यांना कुठे प्रभाग समिती म्हणतात, कुठे मोहल्ला समिती, कुठे नागरिक समिती. या समित्यांकडे आपण फारशा गांभीर्यानं पाहत नाही. चार माणसं जमली, चहा झाला, इतिवृत्त लिहिलं, बैठक संपली, असा आपला समज असतो. ‘सल्लागार’ हा शब्दच मुळी आपण थोडा हसत उच्चारतो. परंतु रहिवाशांना विचारणं किंवा न विचारणं यावरून याच महाराष्ट्रात एकदा मोठा अनर्थ झालेला आहे. तो कसा घडला आणि त्यातून काय शिकावं, हे पाहण्यासाठी आपण थोडं मागे जाऊ. मुख्यतः पुण्याला आणि मुंबईला जाऊ.

सुरुवात १८५० सालापासून करायला हवी. त्या वर्षी २६ क्रमांकाचा एक कायदा झाला. एखाद्या गावच्या लोकांना रस्ते, दिवाबत्ती, साफसफाई यांसाठी नगरपालिका हवी असेल तर त्यांनी मागणी करावी, आणि लोकांची तशी इच्छा आहे अशी सरकारची खात्री पटली म्हणजे ती स्थापन करावी, अशी त्यात तरतूद होती. म्हणजे कागदावर तरी आपल्या नगरपालिकांचा जन्म लोकांना विचारण्यातून झाला. पुण्याची नगरपालिका १८५७-५८च्या सुमारास याच कायद्याखाली सुरू झाली. पण गंमत अशी, की हे विचारणं एकदाच व्हायचं. नगरपालिका स्थापन झाली की सभासद सरकार नेमणार, कारभाराची सूत्रं सरकारी अधिकाऱ्याच्या हाती राहणार. गावानं पट्टी भरायची आणि जे होईल ते पाहायचं.

नेमलेले हे सभासद बहुधा सरदार, सावकार, पेन्शनर अशी प्रतिष्ठित मंडळी असत. ती वाईट होती असं मुळीच नाही. पण ती कोणाच्या वतीनं बोलतात, हा प्रश्न त्यांना कोणी विचारत नव्हतं आणि त्यांनाही तो पडत नव्हता.

हा प्रश्न पुण्यात जोरानं उभा राहिला तो एका निराळ्याच कारणानं. पर्वतीच्या देवस्थानचा कारभार नीट चालत नाही, अशी कुरबुर शहरात सुरू झाली. सरकारकडे दाद मागायचं ठरलं. पण दाद मागणारे कोण? चार पुढाऱ्यांनी अर्ज केला तर तो चौघांचाच ठरतो. त्यावर गणेश वासुदेव जोशी, ज्यांना पुढे सगळा महाराष्ट्र ‘सार्वजनिक काका’ म्हणून ओळखू लागला, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक तोड काढली. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचा नियम असा होता, की ज्याला सभासद व्हायचं असेल त्यानं निदान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं. वकील जसा वकीलपत्राशिवाय कोर्टात उभा राहू शकत नाही, तसा सभासद मुखत्यारपत्राशिवाय सभेत बसू शकत नाही. अशा ९५ जणांनी सुमारे ६००० माणसांचं मुखत्यारपत्र आणलं आणि सभा उभी राहिली.

हे साल लक्षात घ्या. त्या वेळी पुण्यात नगरपालिकेला निवडणूक नव्हती, कायदेमंडळात लोकनियुक्त माणूस नव्हता, राष्ट्रीय सभा जन्माला यायला अजून पंधरा वर्षं अवकाश होता. अशा काळात लोकांनी स्वतः होऊन एक सल्लागार मंडळ तयार केलं आणि सल्ला देणाऱ्याच्या पाठीशी नावानिशी ओळखता येतील अशी माणसं असली पाहिजेत, हा दंडक घालून दिला.

या सभेचा दुसरा गुण दिसला तो १८७६ ते १८७८च्या दुष्काळात. न्यायमूर्ती रानड्यांच्या मार्गदर्शनाखाली सभेनं गावोगावच्या आपल्या माणसांकडून माहिती मागवली. पीक किती आलं, धान्याचा भाव काय, दुष्काळी कामावर मजुरी किती मिळते, गुरं किती उरली, हे सगळं जमवून ती सरकारला पत्रांमागून पत्रं लिहीत राहिली. दुष्काळी कामावरची मजुरी सरकारनं कमी केली, तेव्हा त्या मजुरीत माणूस जगू शकत नाही हे सभेनं मांडलं. सरकारला प्रत्येक वेळी ते पटलं असं नाही. पण ‘हे तुम्हांला कोणी सांगितलं?’ असं मात्र कोणी म्हणू शकत नव्हतं. सल्ल्याला वजन येतं ते माहितीनं, हे पुण्यानं त्या दुष्काळात पाहिलं.

सभेची एक उणीवही सांगितली पाहिजे. तिच्या मुखत्यारपत्रांवर ज्यांच्या सह्या होत्या, ती बहुतेक लिहिती-वाचती, वरच्या जातींतली माणसं होती. सह्या मागायला शेतकऱ्याच्या, कामगाराच्या, अस्पृश्याच्या दारी फारसं कोणी गेलं नव्हतं. जोतीराव फुल्यांनी या ‘सार्वजनिक’पणावर कडक टीका केली, ती यामुळेच. जोतीराव स्वतः १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठी नगरपालिकेनं पैसे खर्चावेत असा विषय निघाला, तेव्हा तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा असं त्यांनी ठणकावून सांगितलं आणि विरोधात मत दिलं. बाकीची सभा दुसऱ्या बाजूला होती. सरकारनं नेमलेला माणूससुद्धा लोकांच्या बाजूनं बोलू शकतो, हे या प्रसंगात दिसतं. पण असा माणूस त्या सभेत एकच निघाला, हेही दिसतं. माणसाच्या सचोटीवर सगळा भार टाकून रहिवाशांचं म्हणणं कचेरीपर्यंत पोचत नाही, त्यासाठी व्यवस्था लागते.

आता मुंबईकडे येऊ. मुंबईचा कारभार १८६५च्या कायद्यानं ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हटल्या जाणाऱ्या सरकारनियुक्त प्रतिष्ठितांच्या मंडळाकडे आणि एका म्युनिसिपल कमिशनरकडे सोपवला गेला. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड मोठे कर्तबगार होते. त्यांनी शहराची घाण काढली, रस्ते रुंद केले, आजही उभी असलेली मंडई बांधली. पण खर्च इतका वाढला की करांच्या ओझ्यानं लोक हैराण झाले. १८७१ साली करदात्यांनी ओरड सुरू केली. सभा झाल्या, अर्ज झाले. तेव्हा नुकतेच बॅरिस्टर होऊन आलेले तरुण फिरोजशहा मेहता या वादात पडले. क्रॉफर्ड यांच्या कामाची त्यांनी भलावण केली आणि दोष दाखवला तो नेमलेल्या जस्टिसांच्या मंडळाकडे. कर भरणाऱ्यांनी निवडलेली माणसं कमिशनरवर देखरेख करायला बसवली पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं होतं.

१८७२चा कायदा या चळवळीचं फळ होतं. महापालिकेत ६४ सभासद आणि त्यांपैकी ३२ करदात्यांनी निवडलेले, अशी रचना झाली. ठरावीक रकमेहून जास्त कर भरणाऱ्यालाच मत असल्यामुळे चाळीत राहणारा गिरणी कामगार यात कुठेच नव्हता. तरी हिंदुस्थानातल्या मोठ्या शहराच्या कारभारात लोकांच्या निवडीची माणसं बसली, ही गोष्ट लहान नव्हती. पुढे १८८८च्या कायद्यानं ही चौकट पक्की केली. मुंबई महापालिका आजही मूळ त्याच कायद्यानं चालते.

मधल्या काळात १८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव झाला. लोकांनी कारभार हाती घेतला की सुरुवातीला चुका होतील, कदाचित काम अधिकाऱ्याइतकं चोख होणार नाही, पण लोकांना राज्यकारभाराचं शिक्षण मिळेल आणि ते अधिक मोलाचं आहे, अशी त्या ठरावाची भूमिका होती. पुढच्या दोन-तीन वर्षांत कायदे बदलले आणि पुण्यासारख्या शहरांतही निवडून आलेले सभासद नगरपालिकेत दिसू लागले. म्हणजे १८८५च्या आसपास पाहिलं तर चित्र बरं होतं. निवडणूक आली होती, सार्वजनिक सभा होती, वर्तमानपत्रं होती. लोकांचं म्हणणं कचेरीपर्यंत जाण्याच्या तीन-चार वाटा मोकळ्या होत्या. या वाटा किती कामाच्या आहेत याची कसोटी दहा-अकरा वर्षांनी लागली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला. डॉ. व्हिएगस महापालिकेचे सभासदही होते. वस्तीत फिरणारा डॉक्टर आणि सभागृहात बोलणारा सभासद एकच असल्यामुळे ही बातमी लपून राहिली नाही. पण पुढचं सगळं धोरण सक्तीचं झालं. रोग्याला घरातून उचलून इस्पितळात न्यायचं, घरातल्या माणसांना वेगळ्या छावणीत ठेवायचं, सामान जाळायचं. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, अशी लोकांची समजूत झाली. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि सरकारच्या हाती जवळजवळ अमर्याद अधिकार आले.

मार्च १८९७ मध्ये मुंबईत जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. महापालिकेला बाजूला सारून ही समिती आली, त्यामुळे निवडून आलेल्या सभासदांना ती रुचली नाही. तरीपण गॅटेकर यांनी एक गोष्ट ओळखली. त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या पुढाऱ्यांना बोलावलं, त्यांचं म्हणणं ऐकलं आणि पारशी, मुसलमान, हिंदूंमधल्या वेगवेगळ्या जाती यांना आपापली प्लेगची इस्पितळं काढू दिली. आपल्या माणसांच्या देखरेखीखाली, आपल्या हातचं अन्नपाणी घेत रोगी राहू लागला, तशी लोकांची धास्ती थोडी कमी झाली. तपासणी थांबली नाही, हालही थांबले नाहीत. मार्च १८९८ मध्ये मुसलमान विणकरांच्या वस्तीत तपासणी पथकावरून दंगा झाला, गोळीबार झाला. म्हणजे मुंबईत सगळं सुरळीत होतं असं कोणी समजू नये. पण जिथे विचारलं गेलं तिथे थोडी वाट निघाली, आणि जिथे विचारणं संपलं तिथे दगड पडले.

पुण्यात याहून कठीण प्रकार झाला. तिथे वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाती प्लेग समितीची सूत्रं दिली गेली. मार्चच्या मध्यापासून गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर झडत्या घेऊ लागल्या. स्वयंपाकघरात, देवघरात शिपाई शिरले, बायकांची उघड्यावर तपासणी झाली, सामान फेकलं आणि जाळलं गेलं, अशा तक्रारींनी शहर भरून गेलं. नगरपालिका या सगळ्यात नावापुरती उरली. शहरातल्या काही मंडळींना पथकांबरोबर फिरायला घेतलं गेलं, हे खरं आहे. पण योजना आधीच ठरलेली होती. झडती कशी घ्यायची, कोणी घ्यायची, हे त्यांना विचारलेलं नव्हतं. त्यांनी फक्त सोबत करायची होती. रहिवाशांना असं नुसतं सोबतीला घेण्याला सल्ला घेणं म्हणत नाहीत.

आणि इथेच एक योगायोग असा आहे की तो वाचताना मन विषण्ण होतं. १८९६च्या दुष्काळात सार्वजनिक सभेनं, आता टिळकपक्षाच्या हाती असताना, शेतकऱ्यांना साराविषयीचे त्यांचे हक्क समजावून सांगण्याची मोहीम गावोगाव काढली होती. सरकार चिडलं. मार्च १८९७ मध्ये सरकारनं जाहीर केलं, की सार्वजनिक प्रश्नांवर सरकारला लिहिण्याचा अधिकार असलेली संस्था म्हणून यापुढे या सभेला मान्यता नाही. ज्या महिन्यात शिपाई पुण्याच्या घरांत शिरू लागले, त्याच महिन्यात पुण्याच्या घरांतलं म्हणणं सरकारपर्यंत नेणारी सत्तावीस वर्षांची जुनी वाट बंद झाली.

तक्रारी मग वर्तमानपत्रांत आल्या, अर्जांत आल्या. त्यांचा उपयोग झाला नाही. टिळक साथीच्या दिवसांत शहर सोडून गेले नाहीत. त्यांनी हिंदूंसाठी प्लेगचं इस्पितळ चालवायला पुढाकार घेतला. म्हणजे लोक साथीशी लढायला तयार नव्हते असं नव्हतं. ते मदत करायला उभे होते, आणि त्यांना विचारलं असतं तर झडतीची बरी रीतही त्यांनी सांगितली असती. २२ जून १८९७च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव साजरा होत असताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेले. रँड जुलैच्या सुरुवातीला मरण पावले. चाफेकर बंधू फासावर गेले. टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाली. नातू बंधूंना खटल्याशिवाय अटकेत ठेवलं गेलं.

चाफेकरांच्या कृत्याचं मोल स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात व्हायचं ते झालेलं आहे. आपला प्रश्न निराळा आहे. प्लेगची साथ आटोक्यात आणणं हे नगर-कारभाराचंच एक काम होतं, स्वच्छतेचं आणि आरोग्याचं. ते काम शहराशी युद्ध असल्यासारखं का झालं? त्याचं एक कारण तरी हे, की निर्णय घेणारे आणि ज्यांच्या घरात तो निर्णय शिरणार ते, या दोघांमध्ये बोलण्याची जागाच उरली नव्हती. सरकारलाही हे हळूहळू कळलं. पुढच्या दोन वर्षांत सक्ती सैल होत गेली. पुढे पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष झालेले गोपाळ कृष्ण गोखले स्वतः प्लेगच्या स्वयंसेवकांत काम करत होते. रोग तोच होता, शहर तेच होतं. काम करण्याची रीत तेवढी बदलली होती.

स्वातंत्र्य आलं, प्रौढ मतदान आलं. आता प्रत्येकाला मत आहे म्हटल्यावर निराळ्या समित्यांची गरज काय, असं वाटणं स्वाभाविक होतं. पण शहरं वाढत गेली आणि प्रतिनिधी लांब गेला. एक साधा हिशेब करा. २०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती आणि निवडून येणारे नगरसेवक २२७. म्हणजे एका नगरसेवकाच्या वाट्याला जवळजवळ ५५ हजार माणसं आली. सार्वजनिक सभेचा सभासद ५० माणसांचं मुखत्यारपत्र आणत होता. त्याला आपली पन्नास माणसं नावानं ठाऊक होती. ५५ हजारांना नावानं कोण ओळखणार?

खेड्यांना निदान ग्रामसभा आहे. मतदारयादीत नाव असलेला कोणीही तिथे उठून सरपंचाला जाब विचारू शकतो. शहरातल्या माणसाला असं व्यासपीठ नव्हतं. ही उणीव भरून काढायचा प्रयत्न ७४व्या घटनादुरुस्तीनं केला. १ जून १९९३ पासून ती अमलात आली. तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असल्याच पाहिजेत, असं तिनं सांगितलं. महाराष्ट्राच्या कायद्यात त्यानुसार बदल झाले. प्रभाग समितीत त्या भागातले नगरसेवक, तिथला प्रभाग अधिकारी आणि त्या भागात समाजकार्य करणाऱ्या संस्थांमधली जास्तीत जास्त तीन माणसं, अशी रचना ठरली. रहिवाशांच्या सल्ल्याला कायद्यानं मिळालेली जागा ती हीच, तीन खुर्च्यांची. आणि त्या तिघांना नेमायचं कोणी? नगरसेवकांनी. परिणाम काय झाला असेल हे सांगायला ज्योतिषी नको. अनेक ठिकाणी या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या आणि भरल्या तेव्हा पक्षाच्या कार्यकर्त्यांची सोय झाली, ही तक्रार नागरिकांच्या संघटना सतत करत आल्या आहेत. १८५७चे नेमलेले सभासद आठवतात ते इथे. तेव्हा नेमणारं सरकार होतं, इतकाच काय तो फरक.

याच काळात लोकांनी स्वतः होऊन काही चांगलं करून दाखवलं, तेही सांगितलं पाहिजे. मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी १९९६च्या सुमारास ओला आणि सुका कचरा वेगळा करायला, गल्ली झाडून-पुसून ठेवायला सुरुवात केली. तो प्रयोग पाहून महापालिकेनं ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ ही योजना १९९७ पासून हाती घेतली. एका गल्लीतल्या किंवा वसाहतीतल्या रहिवाशांनी समिती करायची, विभाग कार्यालयात नोंदवायची आणि महापालिकेनं तिच्याशी संपर्क ठेवणारा अधिकारी नेमायचा. जिथे अधिकारी बैठकीला नेमानं आला आणि मागच्या बैठकीतल्या कामांचं काय झालं हे सांगत गेला, तिथे समित्या टिकल्या. जिथे तो येईनासा झाला, तिथे दोन-चार वर्षांत समितीचा फलक तेवढा भिंतीवर राहिला. शिवाय या समित्या मुख्यतः इमारतींत राहणाऱ्यांच्या होत्या. झोपडपट्टीतला रहिवासी त्यांत कमी दिसला. जोतीरावांनी ‘सार्वजनिक’ या शब्दाला विचारलेला प्रश्न सव्वाशे वर्षांनीही जुना झालेला नव्हता.

पुणे महापालिकेनं २००६-०७च्या अंदाजपत्रकापासून आणखी एक पाऊल टाकलं. नागरिकांनी आपल्या भागातली छोटी कामं, म्हणजे पदपथ, पथदिवे, बसथांबा अशी, अर्जावर लिहून क्षेत्रीय कार्यालयात द्यावीत, त्यांची छाननी व्हावी आणि ती अंदाजपत्रकात यावीत, अशी ही पद्धत. यातली मोलाची गोष्ट म्हणजे वेळ. अंदाजपत्रक तयार व्हायच्या आधी विचारलं जातं. पैसे वाटून झाल्यावर सूचना मागवण्यात काही अर्थ नसतो. अर्थात सुचवलेल्या कामाचं पुढे काय झालं हे सुचवणाऱ्याला कळतंच असं नाही, आणि उत्तर आलं नाही की पुढच्या वर्षी माणूस अर्ज भरायचा कंटाळा करतो.

२००९ साली महाराष्ट्रानं कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. मतदान केंद्रांच्या परिसरातले सगळे मतदार एकत्र बसतील आणि आपल्या भागाच्या गरजा ठरवतील, अशी ती कल्पना. शहरातली ग्रामसभाच म्हणा ना. कायदा झाला, पण क्षेत्रसभा प्रत्यक्षात नियमानं भरवल्या गेल्या नाहीत. दरम्यान मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुणे आणि इतर अनेक महापालिकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६च्या निवडणुकांपर्यंत तिथे प्रशासकांनीच कारभार पाहिला. जवळजवळ चार वर्षं या शहरांत नगरसेवक नव्हते, आणि प्रभाग समित्या नगरसेवकांच्याच असल्यामुळे त्याही नव्हत्या. नगरसेवकांशिवाय उभी राहील अशी रहिवाशांची समिती असती, तर निदान प्रशासकाला चार गोष्टी सांगणारं कोणीतरी अधिकारानं समोर बसलं असतं.

तर दीडशे वर्षांच्या या हकीकतीतून हाती काय लागतं? माझ्या मते तीन गोष्टी. सल्ला देणारा कोणाच्या वतीनं बोलतो हे उघड असलं पाहिजे. सार्वजनिक काकांच्या मुखत्यारपत्राचा हा धडा आहे, आणि त्या पत्रावर गल्लीच्या शेवटच्या घराचीही सही हवी, ही त्याला जोतीरावांनी घातलेली पुरवणी. विचारायचं ते निर्णयाच्या आधी आणि पुरेशा माहितीनिशी; दुष्काळातल्या सभेनं हे करून दाखवलं आणि प्लेगच्या वेळी हे झालं नाही म्हणून पुण्यानं त्याची किंमत मोजली. आणि तिसरी गोष्ट, सल्ल्याला लेखी उत्तर मिळालं पाहिजे. सल्ला मानलाच पाहिजे असं नाही. नगरपालिकेला सगळ्या शहराचा विचार करायचा असतो, एका गल्लीची मागणी दुसऱ्या गल्लीच्या मुळावर येऊ शकते. पण ‘तुमची सूचना या कारणानं स्वीकारता येत नाही’ इतकं एक वाक्य कागदावर आलं, तरी माणसाला आपण मोजले जातो असं वाटतं आणि तो पुढच्या बैठकीला येतो.

यांतल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च लागत नाही. नवी इमारत नको, परदेशी सल्लागार नको. कायद्यात जागाही आहे, प्रभाग समितीच्या त्या तीन खुर्च्या आणि क्षेत्रसभा. आता महापालिकांत पुन्हा निवडून आलेली माणसं बसली आहेत. आपल्या भागाच्या प्रभाग समितीवर संस्थांचे तिघे कोण आहेत, ते कसे निवडले, क्षेत्रसभा कधी भरणार, हे प्रश्न आपण आपल्या नगरसेवकाला लेखी विचारू शकतो. एकट्यानं विचारण्यापेक्षा गल्लीतल्या पन्नास घरांच्या सह्या घेऊन विचारले तर अधिक बरं. पन्नास सह्यांचं वजन किती असतं, हे पुण्यानं १८७० सालीच दाखवून दिलेलं आहे.